कार्बन कमी करायचा आराखडा: लोकांना नक्की कधी बोलवायचं आणि कशासाठी?

टेबलफॅन

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमच्या शहराचा कार्बन उत्सर्जन कमी करायचा आराखडा बनतोय. नुसत्या पालिकेच्या इमारती आणि गाड्यांचा नाही, अख्ख्या शहराचा, म्हणजे घरं, दुकानं, कारखाने, वाहनं, कचरा सगळं धरून. रहिवाशांच्या वतीने समितीवर मला घेतलंय. का घेतलं ते मलाही नीट कळलेलं नाही, बहुतेक आधीच्या बैठकांना मागे बसून फार प्रश्न विचारायचे म्हणून असेल.

तर झालंय असं की सल्लागार कंपनीने आधी आकडेमोड केली, मग उपायांची यादी केली, मग मसुदा लिहिला, आणि तो जवळजवळ पक्का झाल्यावर कुणाला तरी आठवलं की अरे, लोकसहभाग राहिलाच की. मग कामाच्या दिवशी भर दुपारी सभा. आली ती नेहमीचीच मंडळी, रिटायर्ड लोक, दोनचार कार्यकर्ते, एक पत्रकार. तासभर स्लाइडा. प्रत्येक स्लाइडवर 'टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य' असं काहीतरी. एका काकांनी मध्येच उठून विचारलं की आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात पाणी तुंबतं त्याचं यात काय केलंय, तर व्यासपीठावरून उत्तर आलं की तो विषय वेगळा आहे, आपण बसून घ्या. काका बसले नाहीत, निघून गेले, आणि त्यांच्या मागोमाग आणखी काही जण. शेवटी 'आपल्या सूचना लिहा' असे फॉर्म वाटले, त्यात निम्म्याहून जास्त लोकांनी काय लिहिलं असेल? 'झाडे लावा.'

आता मसुद्यात एक ओळ पडलीय, 'नागरिकांशी सल्लामसलत करण्यात आली'. ती मला जाम खुपतेय. मंजुरी अजून व्हायचीय, त्यामुळे थोडी उलथापालथ करायला वाव आहे. तर ज्यांनी असलं काही केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांना विचारायचंय: लोकांना कुठल्या टप्प्यावर बोलवायचं, कुणाला बोलवायचं, आणि समोर बसल्यावर त्यांना विचारायचं तरी काय, ज्याने 'झाडे लावा'च्या पुढे गाडी जाईल?

कोपऱ्यातला_बाक

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वीज कशापासून बनवायची ते सरकार ठरवणार, गाड्या कुठल्या विकायच्या ते कंपन्या ठरवणार, आणि तुम्ही गल्लीतल्या लोकांना विचारणार की बाबांनो कार्बन कसा कमी करायचा! हे लोकसहभाग वगैरे म्हणजे उद्या फसलं की 'तुम्हीच तर ठरवलं होतं' म्हणायची सोय असते. चार जाणकार माणसं बसवा, बस वाढवा, इमारतींचे नियम कडक करा, विषय संपला. आमच्याकडेही असल्या सभा झाल्यात, चहा बिस्किटं छान होती.

ढोबळमानाने

@कोपऱ्यातला_बाक, वीज आणि गाड्यांबद्दल बरोबर आहे तुमचं, पण पुढचं नाही पटलं. मी उत्सर्जनाच्या मोजणीचंच काम करतो. पालिकेचे स्वतःचे दिवे, पंप, गाड्या, इमारती हा शहराच्या एकूण उत्सर्जनातला फार थोडा भाग असतो. उरलेलं सगळं लोकांच्या घरातून, दुकानातून, गाडीच्या टाकीतून येतं. त्यामुळे त्यांच्याशिवाय केलेला आराखडा म्हणजे पालिकेने स्वतःचे बल्ब बदलायची योजना, त्याला शहराचा आराखडा म्हणू नये.

आणि दुसरी गोष्ट, जी कमी बोलली जाते. लोकांना फक्त 'पटवून देण्यासाठी' बोलवायचं नसतं, त्यांच्याकडे माहिती असते म्हणून बोलवायचं असतं. शहरांच्या मोजणीसाठी जीपीसी नावाची पद्धत जगभर वापरतात, २०१४ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आणि सी४० व इक्ली या शहरांच्या आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून आणलेली. त्यात इमारतींची ऊर्जा, वाहतूक, कचरा, उद्योगातल्या प्रक्रिया, शेती आणि जमीन असे रकाने असतात. रकाने व्यवस्थित आहेत, पण ते भरताना निम्म्या ठिकाणी अंदाजच चालतो. पंपावर विकलेलं पेट्रोल म्हणजे शहरात जळलेलं पेट्रोल नव्हे, हायवेवरचे ट्रकही तिथेच टाकी भरतात. लोक कचरा जाळतात तो कुठल्याच नोंदीत नसतो. जनरेटर किती तास चालतो हे दुकानदारालाच माहीत.

एका ठिकाणी एसीच्या गॅस गळतीचा रकाना सगळे भरतात तसा ठरीव टक्केवारीने भरलेला होता. सभेला एसी दुरुस्त करणारा एक जण आला होता, तो तक्ता बघून म्हणाला, साहेब हे एवढंसं नसतं हो. जुना एसी काढताना गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा असतो, पण ते मशीन कुणाकडे नाही आणि त्या कामाचे वेगळे पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून नट सैल करायचा आणि फुस्स, गेला हवेत. आता बऱ्याच एसींत आर-४१०ए हा गॅस असतो, तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापवतो. म्हणजे एक किलो सोडला की दोन टनांच्या वर. पेट्रोलचा एक लिटर जळला की साधारण २.३ किलो, म्हणजे ते एक फुस्स जवळपास ९०० लिटर पेट्रोलच्या बरोबरीचं! सगळे गप्प झाले, तोही झाला, त्याला तरी कुठे माहीत होतं. गॅस ओढायची मशीनं दुरुस्तीवाल्यांना भाड्याने मिळावीत हा उपाय त्या चर्चेतून आला, तज्ज्ञांच्या यादीत तो नव्हता.

तेव्हा टेबलफॅन, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: आकडे 'फायनल' व्हायच्या आधी बोलवा. कच्चा तक्ता भिंतीवर लावा आणि विचारा की यात काय चुकलंय. लोकांना चुका काढायला फार आवडतं, आणि त्या बऱ्याचदा खऱ्या असतात.

मधलीसुट्टी

मी अशा बैठका चालवते, बऱ्याच वर्षांपासून, त्यामुळे त्या काकांची गोष्ट वाचून अगदी डोळ्यासमोर आलं.

पहिली गोष्ट, 'हा विषय वेगळा आहे' हे वाक्य बंद. तांत्रिक अर्थाने वेगळा आहेही, उत्सर्जन कमी करणं एक आणि बदललेल्या हवामानाला तोंड देणं दुसरं. पण माणूस त्याच्या घरापासून सुरुवात करतो. काकांना खाली बसवण्याऐवजी एवढं विचारायचं होतं, की पाणी तुंबलं की तुम्ही दुकानापर्यंत कसे जाता? दहातले आठ लोक सांगतात की चालत जायचं सोडून गाडी काढतो. झालं, आला की विषय! फूटपाथ, गटार, सावली, थांब्यापर्यंतचा रस्ता, या सगळ्यावर लोक तासन्‌तास बोलू शकतात आणि यातूनच ठरतं की छोट्या अंतराला गाडी निघणार की नाही.

दुसरी गोष्ट, 'सूचना लिहा' असा उघडा फॉर्म दिला तर 'झाडे लावा' हेच येणार, त्यात लोकांचा दोष नाही, प्रश्नच तसा होता. मी आकडा समोर ठेवते. मोठं झालेलं झाड वर्षाला साधारण वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, जात आणि वयाप्रमाणे कमीजास्त. आता रोज २० किलोमीटर दुचाकी, वर्षात ३०० दिवस, लिटरला ४५ चा ॲव्हरेज, हे झालं सुमारे १३३ लिटर, म्हणजे तीनशे किलोच्या वर. एका दुचाकीला पंधरा मोठी झाडं, आणि ती मोठी व्हायला जाणारी वर्षं वेगळी. हे गणित मी स्वतः करून दाखवत नाही, टेबलावरच्या कुणाला तरी मोबाईलवर करायला लावते. मग झाडं सावलीसाठी लावायची आणि पेट्रोलसाठी दुसरं काहीतरी शोधायचं, हे तेच म्हणतात.

त्यानंतर कार्ड. प्रत्येक टेबलावर आठ जण, मध्ये उपायांची कार्डं. प्रत्येक कार्डावर तीनच गोष्टी ठळक, किती टन वाचतात, किती खर्च येतो, आणि *त्रास कुणाला होणार*. ही तिसरी ओळ सल्लागारांना अजिबात आवडत नाही, पण सगळी चर्चा तिथेच होते. मग म्हणायचं की शहराचं लक्ष्य एवढं आहे, खिशात एवढे पैसे आहेत, बसवून दाखवा. आधी सगळे सोपी कार्डं उचलतात, एलईडी, जनजागृती, शाळेत स्पर्धा. बेरीज करतात तर लक्ष्याच्या जवळपासही नाही. मग गुपचूप पार्किंगचं कार्ड पुढे सरकतं, कुणीतरी ते लगेच मागे सरकवतं, मग भांडण. ते भांडण होऊ द्यायचं, मध्ये पडायचं नाही, फक्त कोण काय म्हणालं ते नीट लिहून घ्यायचं.

आणि या सगळ्याच्या आधी समितीने आपापसात एक काम करायचं असतं, कोणते निर्णय झालेले आहेत आणि कोणते खरोखर उघडे आहेत याची यादी. झालेल्या निर्णयावर लोकांचं मत मागणं हा अपमान आहे. ठरलंय तर ठरलंय म्हणून सांगा, लोक ते ऐकून घेतात.

बाकी वेळ, जागा, मुलं सांभाळायची सोय, शिफ्टमधले लोक, त्या दिवसाची मजुरी बुडते त्यांना तेवढे पैसे देणं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बजेटमध्ये कुणीच धरत नाही. ते धरा.

कोपऱ्यातला_बाक

कार्डांचं आवडलं, मान्य. पण टेबलावर बसणारे तेच ना, रिकामा वेळ असलेले. आठ टेबलं रिटायर्ड काकांची भरली तर आराखडा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा होईल.

अर्धविराम

यावर उपाय आहे, चिठ्ठ्या टाकून निवड. 'या ज्यांना यायचंय त्यांनी' असं म्हणायचंच नाही. मतदार यादीतून किंवा फोन नंबरांतून सोडत काढायची, आणि जे हो म्हणतील त्यांच्यातून वय, स्त्रीपुरुष, शिक्षण, उत्पन्न, राहण्याचा भाग बघून असा गट बनवायचा की तो शहराच्या छोट्या नमुन्यासारखा दिसेल. त्यांना मानधन, त्यांच्यासमोर तज्ज्ञ, आणि तज्ज्ञांना उलटे प्रश्न विचारायची मुभा.

आयर्लंडने हे ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष असं केलं होतं. २०१७ मध्ये हवामानाच्या विषयाला त्यांना दोनच वीकेंड मिळाले, तरी १३ शिफारशी निघाल्या. त्यात जास्त कार्बनच्या गोष्टींवर जास्त कर भरायला तयार आहोत, असं ८० टक्के सदस्य म्हणाले, गरिबांना झळ बसू नये या अटीवर. कुठल्या राजकारण्याची हिंमत झाली असती हे आधी बोलायची? नंतर सर्वपक्षीय संसदीय समिती बसली आणि २०१९ चा सरकारी कृती आराखडा आला, त्यामागे हा सगळा रेटा होता.

फ्रान्सचं मात्र नीट बघा, कारण तिथे दोन्ही बाजूंचं शिकायला मिळतं. २०१८ मध्ये इंधनावरचा कर वाढवायचं वरच्या वर ठरलं, ज्यांना गाडीशिवाय कामावर जाताच येत नाही असे खेड्यापाड्यातले लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरले, आणि वाढ मागे घ्यावी लागली. त्यानंतर १५० नागरिकांची सोडत काढून निवड झाली, ऑक्टोबर २०१९ ते जून २०२० ते बसले, १४९ प्रस्ताव दिले. राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ आधी म्हणाले होते की प्रस्ताव गाळणी न लावता पुढे नेऊ. प्रत्यक्षात तीन तर लगेच बाजूला काढले आणि बाकीच्यांतले बरेचसे पातळ झाले. जिथे रेल्वेने ४ तासांत पोचता येतं तिथली देशांतर्गत विमानं बंद करा असं नागरिक म्हणाले होते, २०२१ च्या कायद्यात ते अडीच तास झालं. त्या दीडशे जणांनी शेवटी सरकारच्या कामाला मार्क दिले ते अगदीच नापासाचे होते.

कोपऱ्यातला_बाक

म्हणजे माझंच खरं झालं की हो! नऊ महिने बसवलं आणि कचऱ्यात टाकलं.

अर्धविराम

नाही, तुमचं अर्धंच खरं झालं. न विचारता ठरवलेला कर तर काही आठवड्यांत कोसळला, ते विसरताय तुम्ही. यातून काय घ्यायचं तर आश्वासन मोजून द्यायचं. 'सगळं मान्य करू' म्हणायचंच नाही. म्हणायचं की प्रत्येक शिफारशीवर अमुक तारखेच्या आत लेखी उत्तर देऊ, घेतली, बदलून घेतली, किंवा नाही घेतली, आणि का. ती तारीख सोडत काढायच्या आधी ठरावात लिहून घ्या, नंतर कुणी लिहून देत नाही.

छोट्या शहराला दीडशे लोक परवडणार नाहीत हेही मान्य, वीसपंचवीस जणांचा गटसुद्धा चालतो, फक्त निवड खरीखुरी सोडतीने व्हायला हवी.

सव्वासात

सगळी चर्चा 'मत कसं घ्यायचं' यावरच चाललीय, मला मालकीवर बोलायचंय.

डेन्मार्कमधलं साम्सो बेट सगळ्यांनी ऐकलं असेल, साधारण चार हजार वस्ती. १९९७ मध्ये सरकारी स्पर्धा जिंकून त्यांनी ठरवलं की दहा वर्षांत स्वतःच्या अपारंपरिक ऊर्जेवर जायचं. २००० साली जमिनीवर ११ पवनचक्क्या, २००३ मध्ये समुद्रात आणखी १०, आणि घरं गरम ठेवायला पेंढा जाळून चालणारी सामायिक व्यवस्था. समुद्रातल्या चक्क्या कशासाठी, तर गाड्या आणि बोटी जे तेल जाळतात ते बंद करता येत नव्हतं, म्हणून तेवढी वीज जास्तीची बनवून हिशोब जुळवायचा. पण लोकांनी ऐकलं का, तर चक्क्या त्यांच्याच होत्या म्हणून! जमिनीवरच्या बहुतेक चक्क्या शेतकऱ्यांनी घेतल्या, दोन सहकारी पद्धतीने शेकडो छोट्या भागधारकांच्या, समुद्रातल्या काही खुद्द पालिकेच्या. चक्की बाहेरच्या कंपनीची असली की तिचा आवाज रात्रभर ऐकू येतो, आणि आपला हिस्सा असला की फिरतेय ना एवढंच बघतो माणूस.

तिथले लोक काही जन्मजात पर्यावरणवादी नव्हते, साधे शेतकरी होते. सोरेन हर्मानसन नावाचा तिथलाच एक शिक्षक या कामाला लागला, लोक जिथे आधीच जमायचे तिथे जाऊन बसायचा, आणि आधी गावातली वजनदार माणसं तयार केली, एक हो म्हणाला की शेजारी आपोआप. काही लोक याला लबाडी म्हणतील, मला तर साधी अक्कल वाटते.

तुमच्या मसुद्यातल्या उपायांपैकी किती उपायांतून रहिवाशाच्या हातात काही पडतं, हे एकदा पेन्सिल घेऊन मोजा. बिल कमी होणं, हिस्सा, भाडं, काम, काहीही. माझा अंदाज आहे की फार कमी निघतील.

भाडेकरू_कायमचा

सव्वासात यांचं पटलं पण एक खोच आहे. मालकी म्हटलं की सगळं छप्परवाल्यांकडे जातं. मी भाड्याने राहतो, छप्पर माझं नाही, गीझर माझा नाही, एसी मालकाने बसवलाय, तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वीज खाणारा, कारण घेताना पैसे त्याचे आणि बिल माझं. मालकाला चांगला एसी घ्यायचं काही कारणच नाही आणि मला हक्क नाही. आराखड्यात दरवेळी 'नागरिकांनी सौर पॅनेल बसवावेत' लिहिलेलं असतं, ते वाचून मी पान उलटतो.

काही ठिकाणी सामायिक सौर प्रकल्प असतो, म्हणजे पॅनेल कुठेतरी मोकळ्या जागेत, तुम्ही त्यातला हिस्सा घ्यायचा आणि त्याची वीज तुमच्या बिलातून वजा होते, घर बदललं तरी हिस्सा तुमच्याबरोबर. आमच्यासारख्यांना असलं काहीतरी विचारा. आणि मधलीसुट्टी यांच्या कार्डांवर 'घरमालकाला की भाडेकरूला' हेही छापा म्हणजे झालं.

मधलीसुट्टी

@भाडेकरू_कायमचा, हे घेतलं बरं का. पुढच्या वेळी कार्डावर येईल.

टेबलफॅन

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार, कोपऱ्यातला_बाक तुमचेही, खरंच, समितीत तुमच्यासारखे तीन जण आहेत आणि आता त्यांना काय सांगायचं ते सुचतंय.

काल अध्यक्षांशी बोलले. आख्खा मसुदा मागे घ्यायला ते तयार नाहीत, पण उघड्या निर्णयांची यादी करायला हो म्हणाले. यादी करायला बसलो तर गंमत म्हणजे वाहतूक आणि पार्किंगचं जवळपास सगळंच उघडं निघालं, इमारतींचं थोडं, आणि कचऱ्याचा ठेका आधीच देऊन मोकळे झालेत, ते बंद. म्हणजे कचऱ्यावर मत मागायचं नाही, सरळ सांगायचं. सोडतीला नाही म्हणाले, वेळ नाही म्हणे, पण निदान निम्म्या खुर्च्या तरी सोडतीने भरू यावर मी अडून बसलेय. पाणी तुंबणाऱ्या काकांचा नंबर मिळवलाय, त्यांच्या गल्लीत पहिली बैठक घेणार, संध्याकाळी सात नंतर.

ढोबळमानाने, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. कच्चा तक्ता भिंतीवर लावायचं ठरलंय, पण त्यात आधार वर्ष २०२० धरलंय आणि २०३० पर्यंतची घट त्याच्याशी तुलना करून दाखवलीय. हे चालतं का? लोकांनी विचारलं तर काय सांगू?

ढोबळमानाने

नाही चालत, आणि लोक विचारायच्या आधी तुम्हीच विचारा. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे वाहतूक, ऑफिसं, दुकानं सगळंच बसलं होतं, त्यामुळे त्या वर्षाचा आकडा खोटा लहान आहे. त्याच्याशी तुलना केली तर पुढच्या कुठल्याही साध्या वर्षात 'उत्सर्जन वाढलं' असंच दिसणार, लोकांनी कितीही केलं तरी. वर्षभर बसने प्रवास केलेल्या माणसाला तक्त्यावर वाढ दाखवलीत तर तो पुन्हा बैठकीला येणार नाही. २०१९ ची वीज आणि इंधनाची आकडेवारी मिळत असेल तर ते वर्ष घ्या, नाहीतर २०२२ च्या पुढचं एखादं ज्याच्या नोंदी पूर्ण आहेत. सल्लागार म्हणतील सगळं परत करावं लागेल. करावं लागत नाही, पद्धत तीच राहते, फक्त त्या वर्षाची बिलं आणि विक्रीचे आकडे नव्याने भरायचे, हातात कागद आले की काही दिवसांचं काम आहे. कागद मिळवायला वेळ लागतो, तेव्हा वीज कंपनीला पत्र आजच टाका.